टाचेमागची शीर आणि रविवारची लाँग रन

(२०२५ च्या श्रावणात दापोरा इथं मंडळाच्या बैठकीत झालेल्या बोलण्याचा मजकूर. मध्ये विचारले गेलेले प्रश्न त्या त्या जागी घेतले आहेत.)



बोलायला आम्ही तिघं उभे असलो तरी बोलणं एकाचंच समजा. आमच्यातला एक शाळेत शिकवतो, एकाचं औषधांचं दुकान आहे आणि एक केळीवाला आहे. नावं सांगत नाही. दापोऱ्यात सांगायची गरज नाही, आणि स्मरणिकेत छापून आलं तर केळीवाल्याच्या आई रागावतील. त्यांचा उल्लेख पुढे येणारच आहे.

मंडळानं आम्हाला विषय दिला होता ‘व्यायाम आणि आरोग्य’. एवढ्या मोठ्या विषयावर बोलण्याची आमची पात्रता नाही. आम्हाला माहिती आहे ती फक्त एका शिरेची, टाचेच्या मागे जी जाड दोरीसारखी लागते तिची. आत्ता बसल्या जागी चिमटीत धरून बघा. डॉक्टर तिला अकिलीस टेंडन म्हणतात. गेलं सव्वा वर्ष आमच्या तिघांच्या रविवारचं वेळापत्रक ती शीर ठरवते आहे. ती एकाच्या डाव्या पायात दुखते, पण पळायला तिघं बरोबर जातो, म्हणून ती आमची तिघांची झाली.

आधी आम्ही काय करतो ते सांगतो, कारण गावात अजून काही जणांना वाटतं की आम्ही पोलीस भरतीची तयारी करतोय. आमची वयं बघता ते शक्य नाही. आम्ही ट्रायथलॉन करतो. म्हणजे आधी पोहायचं, बाहेर येऊन सायकल चालवायची, सायकल ठेवून पळायचं, आणि हे सगळं एका दमात. घड्याळ कपडे बदलतानाही चालूच असतं. यातला सगळ्यात प्रसिद्ध प्रकार आयर्नमॅन: ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटर धावणं. १९७८ मध्ये हवाई बेटांवर पोहणारा दमदार, सायकलवाला की पळणारा, या वादातून ही शर्यत निघाली. पहिल्या वर्षी १५ जण सुरू झाले, १२ जण पोचले. आमची उडी त्याच्या अर्ध्यापर्यंतच. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणं. मैलांमध्ये बेरीज ७०.३ होते, म्हणून नाव ७०.३. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर ही शर्यत २०१९ पासून होते. साडेआठ तासांत संपवावी लागते.

‘हे खूळ आपल्या लोकांत कुठून आलं?’ असं मागच्या रांगेतून काकांनी विचारलं आहे. काका, फार जुनं आहे. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि १९ वे आले. त्याआधी पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत अनवाणी पळणारी खेड्यातली पोरं बघून दोराबजी टाटांच्या मनात आलं, की यांना ऑलिंपिकला पाठवलं पाहिजे. अलीकडचं सांगायचं तर नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर भावांनी २०१५ मध्ये सायकलवर अमेरिका आडवी पार केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ मध्ये तीच शर्यत एकट्याने पार करून आले. पुण्याचे कौस्तुभ राडकर स्वतः कितीतरी आयर्नमॅन करून इतरांना शिकवतात. आणि खरं सांगायचं तर मुक्ताईच्या पालखीबरोबर महिनाभर चालत पंढरपूरला जाणारी माणसं आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांना कोणी मेडल देत नाही एवढंच.

आता शिरेकडे येऊ.

२०२४ च्या जानेवारीत आम्ही तिघांनी गोव्यासाठी नाव घालायचं ठरवलं. इंटरनेटवरून एक तक्ता काढला. चोवीस आठवड्यांचा, रंगीत. प्रत्येक रविवारच्या चौकोनात लाँग रन, म्हणजे त्या आठवड्यातली सगळ्यात लांब धाव. तक्ता छान होता, फक्त त्याला आपल्याकडची लग्नसराई माहीत नव्हती. एप्रिलच्या शेवटी आणि मेमध्ये केळीवाल्याच्या घरी दोन लग्नं, भावकीत चार, आणि वर ४४-४५ अंशांचं ऊन. तीन रविवार बुडाले. चौथ्या रविवारी तक्त्यात लिहिलं होतं: १६ किलोमीटर. त्या आधी त्याची सगळ्यात लांब धाव होती ९ किलोमीटरची, तीही महिन्यापूर्वीची. आम्ही तिघांनी मिळून ठरवलं की बुडालेलं भरून काढू. ‘मिळून ठरवलं’ हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर घरच्यांनी सगळा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारला.

पहाटे साडेचारला निघून आम्ही १६ किलोमीटर केले. पळताना काहीच दुखलं नाही. या शिरेची हीच खोड आहे, तापली की गप्प बसते. दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेवरून पाय खाली ठेवला आणि तो म्हातारा झाल्यासारखा भिंत धरून मोरीपर्यंत गेला. दहा मिनिटांनी सैल झालं. त्याला वाटलं, गेलं. तीन आठवडे हेच: सकाळी लंगडायचं, शेतात फिरून मोकळं व्हायचं, संध्याकाळी पळायचं. आम्हाला त्यानं सांगितलं नाही. आईंना सांगितलं नाही. जूनमध्ये मुक्ताईच्या पालखीबरोबर दोन मुक्काम चालूनही आला, पातळ तळाच्या चपलेवर. परत आला तेव्हा टाचेच्या चार बोटं वर शिरेला गाठ आल्यासारखी फुगी होती.

इथं थोडं थांबून ही शीर काय काम करते ते सांगतो. पोटरीचा सगळा जोर टाचेपर्यंत हीच नेते. पळताना प्रत्येक पावलाला तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. सत्तर किलोचा माणूस धरा, म्हणजे चारशे किलोच्या वर. आमच्यासारखा सावकाश पळणारा माणूस एका किलोमीटरला बाराशेच्या आसपास पावलं टाकतो, म्हणजे एका पायाची सहाशे. १६ किलोमीटरला साडेनऊ हजार वेळा ती शीर ताणली गेली. स्नायूला रक्त भरपूर मिळतं, तो चार दिवसांत सावरतो. शिरेला रक्त कमी, ती सावकाश सावरते. मोठा ताण पडल्यावर पहिला दीड दिवस तर तिच्यात बांधणीपेक्षा झीजच जास्त चालते, बांधणी पुढे निघते ती त्यानंतर. म्हणजे रविवारी लांब पळून सोमवारी परत पळणं म्हणजे ओल्या स्लॅबवर चालणं.

यात आमची अजून एक चूक झाली असती, ती सांगितलीच पाहिजे कारण ती या खोलीतल्या सगळ्यांच्या कामाची आहे. त्याच दिवसांत त्याचं पोट बिघडलं. तो दुकानात आला आणि नेहमीची गोळी मागितली. ऑफ्लॉक्सासिन असलेली ती गोळी आपल्याकडे फरसाणासारखी खपते. पुडी हातात दिलीही होती. मग आठवलं, की सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या गोळ्या नेमक्या याच शिरेला इजा करू शकतात, अगदी तुटेपर्यंत. अमेरिकेच्या औषध खात्यानं २००८ मध्येच त्यावर ठळक इशारा छापायला लावला. साठीच्या पुढच्यांना आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांना धोका जास्त. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी मागू नका, आणि आमच्यासारखा दुकानदार देत असला तरी घेऊ नका. त्याच सुमारास एकानं ‘इंजेक्शन घेऊन टाका, आठवड्यात पळाल’ असंही सुचवलं होतं. या शिरेजवळ स्टेरॉइडचं इंजेक्शन दुखणं दाबतं, पण शीर कमजोर होऊ शकते. तेही टाळलं.

शेवटी जळगावला एका फिजिओथेरपिस्ट ताईंकडे गेलो, तिघंही. ताईंनी शीर दाबून पाहिली, एका पायावर चवड्यावर उभं राहायला सांगितलं. उजव्या पायावर तो चोवीस वेळा वर-खाली झाला. डाव्यावर सहाव्याला थांबला. आम्ही विचारलं, ‘ताई, किती दिवस विश्रांती?’ ताई म्हणाल्या, ‘नुसती विश्रांती घेतलीत तर दुखणं थांबेल आणि शीर अजून कमजोर होईल. हिला काम द्यायचं, पण मोजून.’

ते मोजून देण्याचं काम म्हणजे पायरीवरचा व्यायाम. चवडे पायरीच्या कडेवर ठेवायचे, दोन्ही पायांनी वर जायचं आणि दुखऱ्या एका पायावर सावकाश टाच पायरीच्या खाली न्यायची. पंधराच्या तीन फेऱ्या गुडघा सरळ ठेवून, तीन फेऱ्या गुडघा किंचित वाकवून, दिवसातून दोन वेळा. एकूण १८०. बारा आठवडे. ही रीत स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन या डॉक्टरांची, १९९८ मध्ये त्यांनी ती छापली. असं सांगतात की त्यांची स्वतःची शीर दुखत होती, शस्त्रक्रिया करायला वरिष्ठ तयार नव्हते, म्हणून त्यांनी चिडून पायाला भलतं काम दिलं, की एकदाची तुटेल तरी. ती बरी झाली. आमच्या माणसानं घराच्या ओट्याच्या पायरीवर हा व्यायाम केला आणि मोजायला आजींची जपमाळ घेतली. एक माळ आणि वर ७२. आजींना वाटलं नातू नामस्मरणाला लागला.

एक सूचना इथेच. दुखणं टाचेच्या हाडाला शीर चिकटते तिथे असेल तर टाच पायरीच्या खाली न्यायची नाही, सपाट जमिनीवरच करायचं. आणि पळताना पोटरीवर मागून कोणी लाथ मारल्यासारखं वाटलं, मागे वळून पाहिलं तर कोणी नाही, आणि चवड्यावर उभं राहता येत नाही, तर शीर तुटलेली असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आता मुख्य प्रश्न. शर्यत ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी. जुलै उजाडलेला. लाँग रनचं काय?

ताईंनी सकाळचा नियम दिला. तोही स्वीडनचाच. २००७ मध्ये तिथं ३८ रुग्णांवर पाहिलं, की दुखणं मोजून पळू दिलं तर नुकसान होत नाही. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. तिथं पाचपर्यंत परवानगी होती. आम्ही घाबरट, तीनवर थांबलो. पण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळची. उठल्यावर शीर किती मिनिटं आखडलेली राहते ते लिहायचं. कालपेक्षा वाढली तर कालची धाव जास्त झाली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दूध आणि गॅसच्या नोंदींच्या शेजारी, त्याच्या बायकोनं सकाळची मिनिटं लिहायला सुरुवात केली. वहिनींनी मुद्दाम स्वतःकडे घेतलं ते काम, कारण हा माणूस पाचाचे दोन सांगतो हे त्यांना माहीत होतं.

जुलैत पळणं बंद. सायकल सपाट रस्त्यावर. असीरगडाचा चढ आम्हाला फार आवडतो, पण चढावर टाच खाली जाते आणि शीर ताणली जाते, म्हणून तोही बंद. पोहताना तलावाची भिंत एकाच, उजव्या पायाने ढकलायची. त्या ढकलण्यातही पोटरीच लागते हे आधी कधी लक्षातच आलं नव्हतं. बुटात टाचेखाली छोटी गादी घातली. ऑगस्टमध्ये एक मिनिट पळणं, एक मिनिट चालणं, असं दहा वेळा. सकाळची आखड पंधरा मिनिटांवरून पाचवर आली. गणपतीत सातव्या दिवशी त्यानं पाच किलोमीटर केले आणि आम्ही पेढे वाटले.

पेढे लवकर वाटले. सप्टेंबर संपत आला तेव्हा शर्यतीला महिना उरला, पुन्हा तोच हिशेब डोक्यात शिरला: २१ किलोमीटर पळायचे तर निदान १२ करून बघू. सातवरून थेट बारा. दुसऱ्या दिवशी कॅलेंडरवर वहिनींनी लिहिलं: ४०. आणि खाली दोन रेघा मारल्या.

त्या आठवड्यात आम्ही तिघं ओट्यावर बसलो. नावाचे पैसे भरले होते. ते किती क्विंटल केळी होतात याचा हिशेब त्यानं भाव पडलेला असताना केला होता, त्यामुळे तो आकडा फारच मोठा दिसत होता. गावभर सांगून झालं होतं. आणि खरं म्हणजे त्याचं अंग तयार होतं. सायकल आमच्या दोघांपेक्षा चांगली, पोहणं विहिरीत शिकलेलं, भक्कम. आई चहा घेऊन आल्या आणि कप ठेवता ठेवता म्हणाल्या, ‘शीर तुटली तर सहा महिने बागेत कोण जाईल ते आधी ठरवा. पाय मोडून मेडल आणलंस तर पोळ्याला बैलाच्या गळ्यात बांधीन.’ आम्हाला हसू आलं, त्याला नाही आलं. कांदेबागेची लागवड तोंडावर होती.

मग एका वहीच्या पानावर लिहिलं: पोहायचं, सायकल चालवायची, पळायचं नाही. तिघांनी सह्या केल्या. सही घेतली याचं कारण असं, की शर्यतीच्या दिवशी माणूस शुद्धीवर नसतो. वाद्यं वाजत असतात, अनोळखी लोक नाव घेऊन ओरडत असतात. त्या वेळी निर्णय घ्यायचा नसतो, आधी घेतलेला पाळायचा असतो.

गोव्यात त्यानं तसंच केलं. आमच्या आधी पाण्याबाहेर आला, आमच्या आधी सायकल संपवली, बूट घातले, आणि बूट घालून तिथंच बसून राहिला. नंतर त्यानं सांगितलं की दहा मिनिटं बसला होता. मग उठला आणि पायाला बांधलेली चिप काढून परत दिली. आम्ही पळायला निघालो तेव्हा तो कुंपणाच्या बाहेर टॉवेल घेऊन उभा होता. आम्ही दोघं ८ तास ५ मिनिटं आणि ८ तास १९ मिनिटं अशा वेळात पोचलो. निकालाच्या यादीत त्याच्या नावापुढे ‘अपूर्ण’. परतीच्या गाडीत मनमाडपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. आम्ही आमची मेडलं पिशवीच्या तळाशी ठेवली होती. मनमाडला वडापाव घेतला तेव्हा तो म्हणाला, ‘काढा रे बाहेर, बघू तरी.’ घरी आल्यावर आईंनी पहिल्यांदा त्याच्या टाचा बघितल्या.

या वर्षी परत नाव घातलं आहे. शर्यत नोव्हेंबरात आहे. या वेळी तक्ता आम्ही उलट्या बाजूने केला, आणि आजच्या बोलण्यातून एवढंच घरी नेलंत तरी पुरे. आधी विचारलं: साडेआठ तासांत पोचायला किती लागतं? त्याचं पोहणं ५० मिनिटं. सायकल पावणेचार तास. कपडे-बूट १५ मिनिटं. झाले ४ तास ५० मिनिटं. आता चार मिनिटं पळणं आणि एक मिनिट भराभर चालणं, या पद्धतीने एक किलोमीटरला आठ मिनिटं धरली तरी २१.१ किलोमीटरला २ तास ४९ मिनिटं. एकूण ७ तास ३९ मिनिटं. हातात ५१ मिनिटं शिल्लक. म्हणजे ज्या दमासाठी आम्ही १६ किलोमीटर करून शीर बिघडवली तो दम त्याच्याकडे आधीच होता. कमी होती ती फक्त शिरेची सवय. लाँग रन करायची ती शिरेला सवय लावायला, दमासाठी सायकल आहे. हे कळायला आम्हाला एक वर्ष लागलं. (मध्ये चालणं म्हणजे कमीपणा नव्हे. जेफ गॅलोवे हे १९७२ चे अमेरिकेचे ऑलिंपिक धावपटू पन्नास वर्षं हेच शिकवत आले. दिंडीतला विसावा दुसरं काय असतो?)

तर हिशेब असा. मार्चअखेर सलग दुखण्याशिवाय ६ किलोमीटर. एप्रिल-मेमध्ये ऊन आणि लग्नं लक्षात घेऊन मुद्दाम ७ च्या पुढे गेलोच नाही. जूनपासून गेल्या तीस दिवसांतली सगळ्यात लांब धाव बघायची आणि तिच्यावर दहा टक्क्यांपेक्षा जास्त चढायचं नाही: ७.७, ८.४, ९.२. दोन आठवडे चढायचं, तिसऱ्या आठवड्यात उतरायचं. हा नियम आम्ही अंदाजाने केला होता, आणि गंमत म्हणजे गेल्याच महिन्यात ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये पाच हजारांवर धावपटूंची दीड वर्ष नोंद ठेवून केलेला अभ्यास आला. त्यातही हेच निघालं: आठवड्याच्या बेरजेपेक्षा एका दिवसाची उडी पाय मोडते. गेल्या तीस दिवसांतल्या लांबात लांब धावेपेक्षा एखादी धाव दहा टक्क्यांहून मोठी झाली की दुखापतीचा धोका वाढतो. दुपटीहून मोठी झाली तर धोकाही दुपटीहून जास्त. आमची ९ वरून १६ ही उडी ७८ टक्क्यांची होती. शाळामास्तरांनी फळ्यावर ते गणित करून दाखवलं तेव्हा आम्ही तिघंही गप्प होतो.

परवाच्या रविवारी १४ किलोमीटर झाले. कॅलेंडरवर सकाळची मिनिटं: ३. शर्यतीआधी सगळ्यात लांब धाव १८ ची ठेवली आहे, २१ ची करणारच नाही. एखाद्या आठवड्यात सकाळचा आकडा चढला तर लाँग रन रद्द, त्याऐवजी दोन तास सायकल आणि उतरल्यावर वीस मिनिटं हलकं पळणं. थकलेल्या पायांनी पळायची सवय होते आणि पावलं मात्र थोडीच पडतात. बुडालेली धाव भरून काढायची नाही. ती वाहून गेलेली समजायची. पायरीवरचा व्यायाम आता आठवड्यातून तीनदा, पाठीवर पिशवीत दहा किलोचं ओझं घेऊन. वाऱ्या-वावटळीच्या आधी घड धरलेल्या झाडाला टेकू देतो, झाड पडल्यावर नाही, हे केळीवाल्याला आम्ही सांगायचं म्हणजे कठीणच.

‘पळून गुडघे झिजतात ना रे?’ काकूंचा प्रश्न आला आहे. काकू, २०१७ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात हौशी पळणाऱ्यांमध्ये गुडघ्या-खुब्याची झीज साडेतीन टक्क्यांना दिसली, आणि न पळणाऱ्या बैठ्या माणसांमध्ये दहा टक्क्यांना. मात्र स्पर्धेसाठी फार पळणाऱ्यांमध्ये तेरा टक्क्यांच्या वर. मधल्या रस्त्यानं चाला, एवढाच अर्थ आम्ही काढला. आणि तुमचा गुडघा आधीच दुखत असेल तर आमचं ऐकू नका, डॉक्टरांचं ऐका.

अजून एक गोष्ट, ती सगळ्या तरुण मंडळींसाठी. २७ ऑगस्टला बाप्पा येतात, ६ सप्टेंबरला विसर्जन. मिरवणुकीत चार-पाच तास अनवाणी लेझीम म्हणजे शिरेच्या दृष्टीने लाँग रनच. तिला ढोल ऐकू येत नाही, ती फक्त उड्या मोजते. नाचू नका असं आम्ही म्हणणार नाही, म्हटलं तरी कोण ऐकणार, आणि केळीवाला तर पहिल्या रांगेत असतो. म्हणून या वर्षी वहीत विसर्जनालाच लाँग रन लिहिली आहे. दुसऱ्या दिवशीची, ७ तारखेची रविवारची धाव रद्द. ती बुधवारी, १० तारखेला. तीही सकाळचा आकडा पाचाच्या आत असला तरच.

निघायचं पहाटे साडेचारला. आम्हाला सायकलवर पाण्याचा कॅन घेऊन बरोबर येणारं कोणीतरी हवं आहे, गेल्या महिन्यापर्यंत येणारा पुतण्या इंदूरला शिकायला गेला. वेग सायकलवाल्याला कंटाळा येईल इतका कमी असतो. त्या दिवशी १४.५ किलोमीटर आहेत, चार मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं. परत आल्यावर चहा आईंच्या ओट्यावर.